मैत्रिणीने फराळाचा व्यवसाय सुरू केलाय? मदत कशी करायची, कुठे थांबायचं

मी छोट्या व्यावसायिकांचे हिशोब बघते. त्यात घरून फराळ, मसाले, पोळीभाजी करणाऱ्या बायका बऱ्याच. त्यांच्या वह्यांत एक पान हमखास सापडतं: 'काकू – चकली १ किलो – नंतर', 'जाऊबाई – चिवडा अर्धा – घरचे', 'बिल्डिंगमधल्या वहिनी – ५० रु. कमी दिले'. या सगळ्या नोंदी प्रेमाच्या माणसांच्या. पाडव्याला फोन करून तोंडभरून कौतुक करणारीही हीच मंडळी. पण वर्षाअखेरीला बेरीज मारली की कौतुक कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून मी एक साधी कसोटी लावते. आपल्या मदतीमुळे तिच्या वहीत जमेच्या बाजूला काही पडलं का? किंवा तिच्या दिवसातला एखादा तास मोकळा झाला का? दोन्हींपैकी एकही झालं नसेल, तर ती सदिच्छा होती. सदिच्छा चांगलीच असते, फक्त तिला मदत म्हणू नये.

खाली मी दिवाळीचा फराळ विकणाऱ्या घरगुती व्यवसायाचं उदाहरण धरलंय, कारण त्यातली गणितं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. शिवणकाम, शिकवणी, सलून, हातगाडीवर वडापाव, काहीही असलं तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पायरी १: 'काही लागलं तर सांग' म्हणू नका

हे वाक्य ऐकायला गोड, पण त्याने समोरच्या माणसावर आणखी एक काम पडतं: काय मागायचं ते शोधायचं, मग मागायचा संकोच गिळायचा. त्यापेक्षा बसून तीन गोष्टी विचारा. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? कोणतं काम रोज उद्यावर ढकललं जातं? यंदा कोणत्या पदार्थाच्या ऑर्डरी वाढायला हव्यात?

उत्तरं बहुतेक वेळा अनपेक्षित असतात. आपल्याला वाटतं तिला तळणीला हात हवाय. तिला मात्र दुपारी दोन ते चार फोन घेणारं कुणीतरी हवं असतं, कारण कढई चालू असताना तेलकट हाताने फोन उचलता येत नाही आणि न उचललेला फोन दुसऱ्या फराळवालीकडे जातो. कुणाला पाकिटांवर लेबलं चिकटवायला माणूस हवा असतो, कुणाला स्टेशनपलीकडच्या चार ऑर्डरी पोचवणारा.

मग मदत ठरवताना तिला सुरुवात आणि शेवट द्या. 'दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत रोज संध्याकाळी सात ते नऊ डिलिव्हरी माझ्याकडे' हे सांगणं चांगलं. त्यावर ती विसंबू शकते, नवीन ऑर्डर घेताना तुमचे दोन तास धरू शकते. 'जमेल तसं येतो' यावर एक किलोची ऑर्डरही घेता येत नाही.

पायरी २: गिऱ्हाईक व्हा, पण पूर्ण दराचं

इथे जरा थांबून आकडे बघू. समजा एक किलो भाजणीची चकली ती ४८० रुपयांना विकते. भाजणीची धान्यं आणि डाळी ११०, तेल १२०, गॅस ३०, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी ९०, पाकीट-लेबल-डिलिव्हरी मिळून ४०. झाले ३९०. उरले ९०. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावात पाच-पन्नास इकडेतिकडे होतील. पण हे ९० म्हणजे निव्वळ नफा नव्हे, हे ध्यानात घ्या. यात तिची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. पहाटे उठून धान्यं भाजण्यापासून रात्री ओटा घासण्यापर्यंतचं सगळं त्या ९० रुपयांत.

आता तुम्ही हक्काने दहा टक्के सूट मागितलीत. ४८ रुपये गेले, उरले ४२. तुम्हाला दहा टक्के वाटले, तिच्या हातातले निम्म्याहून जास्त गेले. आणि 'चवीला' म्हणून अर्धा किलो फुकट नेलंत तर १९५ रुपयांचा माल गेला, तो भरून काढायला तिला दोन किलोंहून जास्त चकली विकावी लागणार. मिठाईच्या मोठ्या दुकानात आपण भाव करत नाही. मैत्रिणीकडेच आपल्याला घरचा दर आठवतो, हे जरा विचित्रच नाही का?

तेव्हा दर विचारा, तेवढेच द्या, आणि त्याच वेळी द्या. तिने आपणहून चार लाडू जास्त घातले तर आनंदाने घ्या. ते तिच्या मर्जीवर राहू दे. भेट म्हणून काही द्यायचंच असेल, तर दिवाळीला शेजारीपाजारी जे डबे देता ते तिच्याकडून विकत घ्या. तुमचा खर्च तोच राहील आणि तिला चार नवी घरं मिळतील.

लवकर ऑर्डर देणं ही तर पैशापेक्षा मोठी मदत. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, मग पीठ, गूळ, ते मुरणं. धनत्रयोदशीला सकाळी 'पन्नास अनारसे मिळतील का गं?' असं विचारणाऱ्याला ती नाही म्हणते आणि आपण रुसतो. तेच दसऱ्याला ऑर्डर आणि निम्मे पैसे हातात आले, तर ती तेलाचा पंधरा किलोचा डबा आणि डाळी मार्केटयार्डातून घाऊक भावात एकदम उचलते. किराणा दुकानातून किलो-किलोने आणण्यात तिचे जे पैसे जातात ते वाचतात. तुमच्या आगाऊ रकमेवर तिला व्याज द्यावं लागत नाही, हे वेगळंच.

ऑर्डर लिहून पाठवा. तोंडी सांगू नका, त्यातही लग्नाच्या पंगतीत तर नाहीच. असं काहीसं:

'चकली १ किलो, रवा लाडू २०, पोह्यांचा चिवडा अर्धा किलो (शेंगदाणे कमी). वसुबारसेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घ्यायला मी येईन. निम्मे पैसे आत्ता पाठवले, बाकी तेव्हा.'

पैसे तिच्या धंद्याच्या क्यूआर कोडवर पाठवा. नवऱ्याच्या नंबरवर किंवा 'मागच्या वेळच्या साडीचे राहिले होते त्यात वळते कर' असं करू नका. अशा वळत्या केलेल्या रकमा मार्चमध्ये कुणालाच आठवत नाहीत आणि मग हिशोब जुळवताना माझ्यासारखीची दुपार जाते.

पायरी ३: शिफारस करा, पण नेमकी

'माझी मैत्रीण फराळ करते, सगळं छान असतं, नक्की घ्या.' सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज 'सुप्रभात'च्या फुलांमध्ये वाहून जातो. काय छान, कसं छान, केवढ्याला, कधीपर्यंत, कुठे सांगायचं, एवढं हवं. 'आम्ही गेल्या वर्षी हिच्याकडून चकली घेतली, तुळशीच्या लग्नापर्यंत खुसखुशीत होती, तेलाचा वास आला नाही. ऑर्डर दसऱ्यापर्यंत घेते.' सोबत तिचं दरपत्रक आणि नंबर. तिच्या पदार्थाचा फोटो तुमच्या घरच्या ताटलीतला असेल तर उत्तम, लोकांना तो खरा वाटतो.

शिफारस करताना तिच्या वतीने दर किंवा तारीख कबूल करू नका. 'मी सांगते तिला, तुम्हाला चारशेला देईल' हे वाक्य म्हणजे तिच्या गल्ल्यात हात घालणं झालं.

गूगलवरचं मत हा वेगळा विषय. गूगलचे नियम हितसंबंध असलेल्या माणसांनी लिहिलेली आणि सूट देऊन मिळवलेली मतं चालवून घेत नाहीत. म्हणून नवरा, सासू, दीर, भाचा यांनी मिळून पाच-पाच तारे ठोकू नयेत. वाचणाऱ्यालाही ते कळतं, आडनावं सारखी असतात. तुम्ही पैसे देऊन माल घेतलेली मैत्रीण असाल तर जरूर लिहा, खरं लिहा. घरच्यांनी त्यापेक्षा खऱ्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवायचं काम अंगावर घ्यावं. माल पोचल्यावर दोन दिवसांनी 'आवडलं असेल तर दोन ओळी लिहाल का?' असा निरोप पाठवायला तिला दिवाळीत सवड नसते. आणि गूगलवर व्यवसायाची नोंद करून देणार असाल तर घरचा पत्ता लपवायची सोय असते, ती वापरा. घरी एकटी काम करणाऱ्या बाईचा मजला आणि दारक्रमांक जगाला कळायची गरज नाही.

सगळ्यात वजनदार शिफारस ऑफिसातली. दिवाळीला कर्मचाऱ्यांना द्यायचे डबे किंवा खोके बऱ्याच ठिकाणी गणपती-नवरात्राच्या सुमारासच ठरतात. तुमच्या ओळखीने तिला तिथे नमुना दाखवायची संधी मिळाली, तर ती पन्नास फॉरवर्डपेक्षा मोलाची. फक्त आधी तिला विचारा की शंभर डब्यांची ऑर्डर झेपेल का, आणि कंपनीचे पैसे महिन्या-दीड महिन्याने आले तर चालेल का. मोठी ऑर्डर आणि उशिरा येणारे पैसे या जोडीने लहान धंदे अडचणीत आलेले मी पाहिलेत. अशा वेळी निम्मी रक्कम आगाऊ मिळवून देण्यासाठी तुम्ही तुमच्या ऑफिसात शब्द टाकलात तर खरी मदत.

पायरी ४: चव बिघडली तर तिला सांगा

हे कुणीच करत नाही. लाडू कोरडे झाले, चिवड्यात मीठ जास्त पडलं, तर आपण गोड बोलून खातो आणि पुढच्या वर्षी गुपचूप दुसरीकडून घेतो. परक्या गिऱ्हाइकाचं तसं वागणं समजू शकतं. तुम्ही मैत्रीण असाल तर ते चालणार नाही.

सांगायची रीत एवढीच: तिला एकटीला, त्याच दिवशी, आणि नेमकं. 'यंदा काही खास नाही' असं म्हटलंत तर तिच्या हाती काहीच लागत नाही. 'चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडली, पाकिटाची कड नीट चिकटलेली नव्हती' म्हटलंत तर ती सीलिंगचं मशीन तपासते. मोहन कमी पडलं, तेल तापायच्या आधी घाणा सोडला, पाकात एक तार राहिली, जे जाणवलं ते सांगा. उपाय सुचवायची घाई नको, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि एकदा सांगून झालं की विषय संपवा. दरवर्षी 'त्या वेळच्या मऊ चकल्या' काढू नका.

उलट एखाद्या पंगतीत कुणी तिच्या मागे 'महाग आहे हो' म्हणालं, तर तिथे तोंड उघडा. वरचं ९० रुपयांचं गणित दोन वाक्यांत सांगता येतं.

पायरी ५: घरातलं काम कमी करा

बाहेरच्या मैत्रिणी काय करतील ते करोत. ज्यांच्या घरात हा धंदा चालतो त्यांच्यासाठी ही पायरी. धंदा तिने सुरू केला, पण सकाळचा डबा, सासऱ्यांची औषधं, मुलाची शाळेची फी, गॅसचा नंबर, कामवालीची सुट्टी हे सगळं तिच्याकडेच राहिलं, असं चित्र मी घरोघरी बघते. मग नवरा अभिमानाने सांगतो, 'माझा पूर्ण पाठिंबा आहे, मी कधी अडवलं नाही.' न अडवणं हा पाठिंबा कसा काय?

१९८१ साली सुधा मूर्ती यांनी इन्फोसिससाठी नारायण मूर्तींना आपल्या साठवलेल्या पैशांतून १०,००० रुपये दिले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच गोष्टीतला दुसरा भाग कमी सांगितला जातो: त्या काळात घरखर्चाची जबाबदारीही सुधा मूर्तींनीच उचलली होती. पैसे एकदा देऊन होतात, घर रोज चालवावं लागतं.

म्हणून दिवाळीच्या आधीच्या महिन्यात घरच्या कामांची यादी करा आणि त्यातली काही पूर्णपणे स्वतःकडे घ्या. पूर्णपणे म्हणजे तिने आठवण करून द्यायची नाही, संपलेली साखर तिने बघायची नाही. संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याचा, मुलांची ने-आण सासऱ्यांची, असं ठरलं की ठरलं. त्या महिन्यात पाहुणे बोलावू नका. घरच्या फराळासाठीही तिच्याकडे वेगळा घाणा मागू नका, व्यवसायाच्या मालातूनच विकत घ्या आणि वहीत लिहा.

व्यवसायाच्या कामात हातभार लावत असाल तर मात्र तिचं ऐका. चकलीला किती वेढे, पाकीट ५०० ग्रॅमचं की ५१०, कडेला तुटलेली चकली डब्यात घालायची की नाही, हे ती ठरवणार. सासूबाईंची भाजणीची पद्धत वेगळी असेल आणि उजवीही असेल, पण गिऱ्हाइकाला गेल्या वर्षीचीच चव हवी असते. वजनकाट्यावर मात्र कुणालाही बसवता येतं, आठवीतल्या भाचीलासुद्धा.

आणि मदत रोजची झाली की तिला पगार लावा. बहीण महिनाभर रोज चार तास पाकिटं भरत असेल तर ती मजूर आहे, तिला मजुरी मिळाली पाहिजे. फुकटच्या श्रमांवर दर ठरला तर पुढच्या वर्षी बहीण आली नाही की धंदा तोट्यात जातो. गणितात तिची मजुरी पहिल्या दिवसापासून धरलेली बरी.

एक मदत चुकूनही करू नका: 'माझ्याकडचा सिलिंडर घेऊन जा.' घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला परवानगी नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. तो महाग पडतो हे खरं, पण तो खर्च दरात धरायचा असतो.

पायरी ६: कागदपत्रांची एक सुट्टी

हे काम कंटाळवाणं, म्हणून राहून जातं. ज्याला कॉम्प्युटरवर फॉर्म भरायची सवय आहे अशा भाच्याने-पुतण्याने एक रविवार काढला तर बरंच उरकतं.

अन्नपदार्थ विकायचे तर घरगुती असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी हवी. ती 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. उलाढालीनुसार नोंदणी की परवाना ते ठरतं. मर्यादा आणि फी अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच बघा, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, २०२० पासून आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला सरकारी फी शून्य आहे. सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं त्यासाठी हजार-दोन हजार उकळतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढं बघितलं तरी पैसे वाचतात.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खायचं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, नोंदणी क्रमांक, किंमत, पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर लागतो. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध असेल तर ते स्पष्ट लिहा, कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते. तुमच्यात कुणी चित्रकलेचं बघणारं असेल तर लेबल करून द्या, पण सुंदर अक्षरांच्या नादात तारीख वाचता न येण्याइतकी बारीक करू नका.

बँकेत धंद्याचं वेगळं खातं. यावर मी वाद घालत नाही.

पायरी ७: पैसे द्यायचे असतील तर

इथे नाती तुटतात, म्हणून सावकाश वाचा.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. मला यात रकमेपेक्षा दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. बायकांनी देणगी घ्यायची नाही असं ठरवलं होतं. आणि पारेखांनी पैशांबरोबर दर्जा राखायची आणि हिशोब चोख ठेवायची शिस्तही दिली. उसने पैसे हे उसनेच आहेत, हे दोन्ही बाजूंना स्वच्छ माहीत होतं.

आपल्याकडे नेमकं तेच धूसर असतं. भाऊ ५०,००० देतो, म्हणतो 'राहू दे गं, बघू नंतर'. बहिणीला वाटतं दिले. वहिनीला वाटतं उसने दिले. भाऊ मनात म्हणतो, चाललं तर वाटा मिळेल. तीन माणसं, तीन अर्थ. म्हणून पैसे देण्याआधी ठरवा आणि मोठ्याने बोला: ही भेट आहे, उसने आहेत, की भागीदारी?

*भेट असेल* तर परत मागायची नाही, टोमणाही मारायचा नाही. कराचा नियमही जाणून घ्या. नवरा-बायको, आईवडील, भाऊ-बहीण, काका-मामा-आत्या-मावशी अशा कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर घेणाऱ्याला कर नाही. मित्रमैत्रिणींकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून जास्त मिळाले, तर ती सगळी रक्कम उत्पन्न धरली जाते. गंमत म्हणजे मावशी या नात्यात बसते, मावसभाऊ बसत नाही. आणि नवऱ्याने बायकोला भांडवल भेट दिलं, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात तिचा नफा त्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. रक्कम मोठी असेल तर आधी सीएला विचारा.

*उसने असतील* तर बँकेतून द्या. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही, तशी परतही करता येत नाही, आणि नियम मोडला तर दंड त्या रकमेएवढा होऊ शकतो. लग्नातल्या पाकिटांतून जमलेले ४०,००० रोख हातावर ठेवणारा मामा स्वतःच्या नकळत भाचीला अडचणीत टाकतो. त्याने ते खात्यात भरावेत आणि तिथून पाठवावेत.

मग कागद करा. मोठा करार नको, एवढं पुरे:

'मी दि. ___ रोजी ___ यांच्याकडून ₹ ___ बँकेमार्फत उसने घेतले. व्याज: नाही / वार्षिक ___ टक्के. पहिला हप्ता दि. ___, दरमहा ₹ ___. एखादा महिना जमलं नाही तर आधी कळवेन. व्यवसाय बंद झाल्यास उरलेली रक्कम ___ महिन्यांत देईन.' खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

शेवटचं वाक्य लिहिताना दोघांनाही अवघड वाटेल. तरी लिहा, कारण धंदा बंद पडल्यावर ते लिहिणं त्याहून अवघड असतं. पहिला हप्ता दिवाळीनंतरचा ठेवा, हंगामी धंद्यात श्रावणात हप्ता मागून काय मिळणार. आणि वसुलीसाठी कायद्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत लेखी कबुली किंवा काही रक्कम मिळाली तर मुदत पुन्हा सुरू होते. नात्यात कोर्टाची पायरी कुणी चढत नाही, पण दरवर्षी बाकीचा आकडा दोघांनी सही करून लिहिला तर गैरसमज राहत नाहीत.

*भागीदारी असेल* तर वकिलाकडून भागीदारीपत्र. साध्या भागीदारीत धंद्याचं देणं भागीदाराच्या स्वतःच्या मिळकतीवरही येतं. 'माझे नुसते पैसे आहेत, मी लक्ष घालत नाही' या म्हणण्याला तिथे अर्थ नाही.

किती द्यायचे? बुडाले तरी तुमच्या घरचा हप्ता, मुलांची फी आणि तुमची झोप बिघडणार नाही, एवढेच. बाकीच्यासाठी तिला बँकेत घेऊन जा. मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचं 'शिशू' कर्ज तारणाशिवाय मिळतं. फॉर्म भरायला बसणं, आधीच्या वर्षीच्या विक्रीचा तक्ता करून देणं, शाखेत सोबत जाणं, हे तुमचे १०,००० देण्यापेक्षा उपयोगी पडू शकतं. बँकेचा हप्ता वेळेवर गेला की तिचा स्वतःचा पतइतिहास तयार होतो, तुमच्या हातउसन्याने तो होत नाही.

जामीन राहायला सांगितलं तर 'नुसती सही आहे' यावर विश्वास ठेवू नका. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते आणि बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. तुमच्या पतअहवालातही ते कर्ज दिसतं. हे पेलणार नसेल तर नाही म्हणा, लगेच म्हणा. आठवडाभर टाळाटाळ करून मग नाही म्हणण्यात तिचा आठवडा वाया जातो.

भिशीची रक्कम लवकर उचलू देणं हा बायकांचा जुना मार्ग, आणि ओळखीतल्या लहान भिशीत तो चांगला चालतो. पाळी बदलली तर सगळ्यांसमोर लिहून ठेवा.

धंदा करणारीने काय करायचं

थोडक्यात, कारण हा लेख तिच्यासाठी नाही. छापील दरपत्रक ठेव, म्हणजे तोंडी घासाघीस होत नाही. घरच्यांसाठी काही नियम हवाच असेल तर एकच आणि सगळ्यांना सारखा: 'तीन किलोंच्या वर डिलिव्हरी फुकट', बस. उधारीची तारीख ऑर्डर घेतानाच विचार. आणि कुणी मदतीला आलं की त्याच्यासाठी काम तयार ठेव, आलेला माणूस अर्धा तास बसून चहा पिऊन गेला तर तो पुन्हा येत नाही.

पायरी ८: मंदीत, आणि बंद करायची वेळ आली तर

दिवाळी संपली की फोन थांबतात. कार्तिक सरला की तुळशीचं लग्नही झालेलं असतं. त्या दिवसांत तिच्याकडून मेतकूट, भाजणी, कांदा-लसूण मसाला, थालीपीठाचं पीठ असं रोजच्या वापरातलं काही घ्या, दर महिन्याला, न विचारता. ठरलेली लहान ऑर्डर तिला मोठ्या एकरकमी ऑर्डरपेक्षा जास्त धीर देते, कारण तिच्यावर तिला पुढच्या महिन्याचा किराणा ठरवता येतो. 'काय गं, धंदा कसा चाललाय?' हा प्रश्न मात्र चारचौघांत विचारू नका.

कधीकधी दोन दिवाळ्या होऊनही वही तोट्यातच असते. तेव्हा 'चिकाटी सोडू नकोस' म्हणणारे खूप भेटतात. तिला त्या वेळी तिच्यासोबत वही उघडून बसणारं कुणीतरी हवं असतं. दर वाढवून निभावेल का, चार पदार्थ बंद करून दोनच ठेवले तर? आकडे नाहीच म्हणत असतील तर बंद करायलाही मदत लागते, आणि त्या वेळी बहुतेक लोक पांगलेले असतात. सीलिंग मशीन, मोठ्या कढया, वजनकाटा विकायला गिऱ्हाईक शोधा. राहिलेली उधारी गोळा करायचे फोन तुम्ही करा, तिला ते जड जातात. घेतलेल्या आगाऊ रकमा आधी परत, मग दुकानदारांची देणी, त्यानंतर घरच्यांचे हातउसने, हा क्रम घरच्यांनीच सुचवावा म्हणजे तिला मागावा लागत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. एफएसएसएआयची नोंदणीही पोर्टलवरून परत करता येते. उसने दिलेले तुमचे पैसे बाकी असतील तर कागदात लिहिलेल्या महिन्यांपर्यंत त्यांचं नाव काढू नका.